वरचं लोखंड, खालचे दात

डॉक्टर : मिटू नका, काका. वरचं सोडा, मी खालचे बघतेय. हे समोरचे सहा दात गेले कुठं?

गेणबा : हायेत की जाग्यावर.

डॉक्टर : जाग्यावर आहेत, पण अर्धेच. भाताच्या शिताएवढे उरलेत. गार पाणी प्यायलं की कळ जाते?

गेणबा : पार कानापतुर. आता तर वाराबी सोसत न्हाई. तोंडाला उपरणं बांधून हिंडतोय.

गोकुळ : मॅडम, किती टाइम लागंल?

डॉक्टर : तुम्ही कोण यांचे?

गोकुळ : मुलगा. गोकुळ. रांजणगावला कंपनीत हाय, टूलरूमला.

डॉक्टर : मग खिडकी सोडा आणि इकडे या. आल्यापासून तुमचं सगळं लक्ष रस्त्यावर.

गोकुळ : रस्त्यावर गिऱ्हाईक बसलंय माझं.

गेणबा : गोकुळ, गप ऱ्हा.

गोकुळ : का गप? मॅडमलाबी कळू द्या की, तुमचं तोंड कुणी फोडलं. तो बघा मॅडम, टपरीच्या बाकड्यावर. टोपीवाला, उंचापुरा. मारुतराव. आमचा थोरला चुलता, आबांचा सख्खा भाऊ. चौदा वर्सं झाली. विहीर दोघांत सामाईक. तीन दिवस पाणी त्यांचं, तीन दिवस आमचं. त्या पाण्यावरनं भांडण पेटलं आन् त्यानं खोरं घातलं आबांच्या तोंडावर. दांड्याकडनं. वरचे सहा दात एका फटक्यात. चार तिथंच चिखलात पडले, दोन हिरडीत मोडले.

डॉक्टर : आणि हे धातूचे तेव्हा बसवलेत.

गेणबा : व्हय. दौंडला.

गोकुळ : त्या दातांपायी दोन वर्सं येरवडा बघून आला तो. कोर्टात दात म्हंजी हाडच धरत्यात. जबर दुखापत. आता तुम्ही मला फक्त एक सांगा, मॅडम. खालचे वाचत्यात का गेले?

डॉक्टर : एवढी घाई कशाची?

गोकुळ : दौंडची गाडी यायची हाय. तो तिकडंच राहतो आता, त्या गाडीनं जाणार. वरच्या दातांची शिक्षा भोगून झाली त्याची. पण खालचेबी गेले असले, तर त्यांची व्हायचीय अजून.

डॉक्टर : म्हणजे तुम्ही काय करणार?

गोकुळ : ह्या पिशवीत रॉड हाय. पाऊण इंची. जास्त बोलत न्हाई.

डॉक्टर : वा. म्हणजे मी 'गेले' म्हटलं की खाली मुडदा, 'वाचतील' म्हटलं की तो गाडीत बसून घरी. मला डॉक्टर समजून आलात की जज्ज समजून?

गोकुळ : जज्ज सकाळीच बघितला. तारीख व्हती आज.

डॉक्टर : कसली?

गोकुळ : माझ्यावर केस हाय. त्याच्या पोराचा हात मोडला म्हणून. पप्पूचा. दोन वर्सांखाली, गावच्या यात्रेत.

डॉक्टर : मोडलात?

गोकुळ : कोपरातनं. उगं खोटं कशाला बोलू? खाली पाडला, पाठीत गुडघा दिला आन् हात उलटा फिरवला. आवाज आला तवा सोडला. कारेगावला वेल्डर व्हता, चांगला हात व्हता त्याचा. आता कप धरला तर च्या सांडतोय.

गेणबा : पुरं कर, गोकुळ.

गोकुळ : तुमच्यासाठीच केलं ना, आबा! चार पोरांत उभा राहून तुमची नक्कल करत व्हता. नखानं पुढचे दात वाजवून. 'लोखंडी गेणबा' म्हणत व्हता. मी ऐकून घ्यायचं?

डॉक्टर : वडिलांनी सांगितलं होतं का हात मोडायला?

गोकुळ : सांगायला कशाला लागतंय? पोटचा पोर हाय मी. आन् तो थेरडा आज कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन म्हणतो कसा, "दातांचं तुझ्या बापाला इचार." माज बघा! तोंड फोडायचं यानं आन् इचारायचं बापाला!

गेणबा : असं म्हणला दादा?

गोकुळ : दादा म्हणू नका त्याला!

डॉक्टर : ओरडू नका. बाहेर पेशंट बसलेत, त्यात एक गरोदर बाई आहे. काका, आ करा परत. आणि गोकुळ, तुम्हाला निकालच हवाय ना? मग या इकडे, हा आरसा बघा. मधोमध पिवळं दिसतंय?

गोकुळ : दिसतंय.

डॉक्टर : दातावर पांढरं कडक कवच असतं. ते यांच्या खालच्या सहाही दातांवरून गेलंय. हे पिवळं दाताच्या आतलं, ते मऊ. एकदा ते उघडं पडलं की आणखी भराभर जातं. या दोघांत तर नस अगदी वर आलीय, म्हणून वाराही सोसत नाही. आता नीट ऐका. मार लागला की दात तुटतो, तुकडा उडतो, कडा राहते. इथे कडा नाही. हे घासून घासून गेलेत. तोंड मिटा हो काका, सावकाश. बघा, वरचा धातू खालच्या दातावर जिथं टेकतो, बरोबर तेवढीच जागा गेलीय.

गोकुळ : म्हंजी वरच्या लोखंडानं खालचे खाल्ले?

डॉक्टर : लोखंड नाही ते, निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू. पण खाल्ले त्यानंच.

गोकुळ : आमच्याकडं शाफ्ट आन् बुशचं असंच हाय. शाफ्ट फिरतो ना, त्याच्याभवती बुश बसवत्यात. बुश मुद्दाम मऊ घ्यायचा. झिजला तर काढला, दुसरा टाकला. शाफ्ट वाचला पायजे. हितं उलटंच करून ठेवलंय. जे बदलता येतं ते कडक, आन् जे परत उगवणार न्हाई ते मऊ.

डॉक्टर : मी पाच वर्षं कॉलेजात काढली, इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही. सोनं बसवतात ते त्यासाठीच. सोनं स्वतः थोडं झिजतं आणि समोरच्या दाताला सांभाळतं. हा धातू काही सांभाळत नाही. तरीसुद्धा गुळगुळीत असता तर एवढं झालं नसतं. हा आतल्या बाजूनं खरबरीत आहे. ओरखडेच ओरखडे, एकावर एक, सगळे एकाच दिशेचे. असलं काम मी कधी बघितलं नाही.

गोकुळ : त्या दौंडच्या डॉक्टरचं नाव काय, आबा?

डॉक्टर : आता त्यांना मारणार?

गोकुळ : दौंड काय लांब हाय? ह्या टोपीवाल्याचं उरकलं की तसाच जातो.

गेणबा : त्यो म्हातारा मरून चार वर्सं झाली. आन् त्याची काय चूक न्हाई. त्यो हात जोडून सांगत व्हता, पुढं तरी पांढरे बसवू, बरे दिसतील. मीच आयकलं न्हाई. म्हणलं, पांढरे फुटत्यात. असं बसवा, की परत कुणी दांडा घातला तर दांडा मोडला पायजे.

डॉक्टर : आणि हे ओरखडे?

गेणबा : तेबी माझंच काम.

डॉक्टर : तुमचं? म्हणजे काय?

गेणबा : बसवल्यावर जरा उंच लागायचे. दात मिटंना नीट. त्यानं सांगितलं व्हतं, आठ दिवसांनी या, बसतं करून देतो. पण ऊस तोडीला आलेला, टोळी रानात उतरलेली. कोण जातंय परत भीमा ओलांडून? गोकुळच्या पेटीत कानस व्हती, आयटीआयची. आरसा खुंटीला अडकवला आन् घासलं.

डॉक्टर : कानशीनं? दात?

गेणबा : कोयत्याला लावतो तशीच. दोन-तीन दिवस सकाळी थोडं थोडं. मग बसला दातावर दात.

गोकुळ : कंची कानस, आबा? पेटीत तीन व्हत्या.

गेणबा : मोठी. जाड्या काट्याची.

गोकुळ : बास्टर्ड!

डॉक्टर : वडिलांना शिव्या देता?

गोकुळ : शिवी न्हाई मॅडम, कानशीचं नाव हाय. बास्टर्ड फाइल. तिनं बीडाचं लोखंड उतरवत्यात. अहो आबा, मला म्हणला असता तर पॉलिश पेपर मारून दिला असता की वरनं!

गेणबा : तू तवा माझ्या तोंडाकडं बघायचा न्हाईस. बघितलं की रडायचास.

डॉक्टर : म्हणजे चौदा वर्षं तुम्ही तोंडात कानस घेऊन जेवताय. धन्य आहे. आणि झोपेत दात खाता. खाता ना?

गोकुळ : आई म्हणती, जातं ओढल्यासारखा आवाज येतो. पडवीत झोपले तरी आत ऐकू येतंय. दोन खोल्या सोडून.

डॉक्टर : कधीपासून?

गेणबा : सवय हाय.

डॉक्टर : कधीपासून, विचारलं मी.

गेणबा : तवापासनंच.

डॉक्टर : एवढं काय आहे मनात, की झोपेतसुद्धा जबडा सैल पडत नाही?

गेणबा : वय झालं, बाई.

डॉक्टर : बरं, नका सांगू. गोकुळ, ऐकलंत ना? खालचे दात चुलत्यानं घालवले नाहीत. धातूनं घालवले, तुमच्या कानशीनं घालवले, यांच्या जबड्यानं घालवले. दोन काढावे लागतील, चार मी वाचवेन. निकाल लागला. ती पिशवी माझ्या टेबलाखाली ठेवा आणि त्या माणसाला गाडीत बसून जाऊ द्या.

गोकुळ : न्हाई.

डॉक्टर : आता काय नाही?

गोकुळ : लोखंड कशापायी बसलं? दात पडले म्हणून. पाडले कुणी? त्यानं. त्यानं खोरं घातलं नसतं तर लोखंड न्हाई, कानस न्हाई, झोपंत दात खाणं न्हाई. फिरून फिरून तिथंच येतंय, मॅडम. मूळ तोच हाय. आन् बघा की त्याला! क्रीमरोल खातोय! स्वतःच्या दातांनी! माझा बाप चौदा वर्सं भाकरी कालवून गिळतोय आन् हा टपरीवर क्रीमरोल खातोय!

गेणबा : गोकुळ, हितं बस. माझ्याजवळ बस.

गोकुळ : त्या दिवशीच संपवायला पायजे व्हता. मॅडम, मी पळत आलो तवा हे दोघं पाटात गुंतले व्हते, चिखलानं ओळखू येत नव्हते. मी टिकावाचा दांडा उचलला, डोळं झाकलं आन् जीव खाऊन हाणला. त्याच्या खांद्यावर बसला. कोपरापतुर झिणझिण्या आल्या, अजून आठवत्यात मला. परत उगारला तवर त्यानं ढकलून दिलं. मोटारीच्या पायपावर डोकं आपटलं, पुढचं काय ठावं न्हाई. डोळं उघडलं तर आबांच्या तोंडातनं रगताची धार. खांद्याच्या जागी डोस्कं घावायला पायजे व्हतं त्या दिवशी. आज डोस्कंच फोडतो.

डॉक्टर : मी दारातून हलणार नाही.

गोकुळ : मॅडम, बाजूला व्हा.

डॉक्टर : नाही होणार.

गोकुळ : बाईमाणसावर हात टाकायचा न्हाई मला. गाडी येईल. बाजूला व्हा म्हणतो ना!

गेणबा : वण हाय का त्याच्या खांद्यावर?

गोकुळ : काय?

गेणबा : दादाच्या खांद्यावर. एवढा जीव खाऊन हाणलास. वण हाय का, इचारतोय.

गोकुळ : असंल. मी काय त्याचं खांदं बघत बसलो?

गेणबा : न्हाई. त्याच सांजच्याला पोलिसांनी त्याला तपासून घेतला दवाखान्यात. कागदात लिवलंय, अंगावर वरखडाबी न्हाई. वकिलानं मोठ्यानं वाचलं व्हतं कोर्टात. तू बाकड्यावर बसला व्हतास. तुला तवाच कळायला पायजे व्हतं.

गोकुळ : काय कळायला पायजे व्हतं? मग माझा दांडा कुठं बसला? आबा. दांडा कुठं बसला?

गेणबा : हितं. ह्या लोखंडाच्या जागी.

गोकुळ : न्हाई.

गेणबा : दादानं खोरं कवाच टाकलं व्हतं. तू डोळं झाकून धावत आलेला त्याला दिसला, तसा त्यो वाकला. मी त्याच्या म्होरंच उभा. दांडा त्याच्या पाठीवरनं आला आन् माझ्या तोंडात बसला. तू परत उगारलास, म्हणून त्यानं तुला ढकललं. न्हाईतर मी आज हितं नसतो.

गोकुळ : खोटं. त्याला वाचवायला खोटं बोलताय तुम्ही.

गेणबा : खोटं एकदाच बोललो. दवाखान्यात. तोंडात बोळे भरलेले. हवालदारानं इचारलं, कुणी मारलं? बोलता येत नव्हतं. त्यानं वही-पेन दिलं हातात. मी लिवलं, मारुती.

गोकुळ : का?

गेणबा : तुला अठरा पुरी होऊन दोन म्हयनं झालं व्हतं. आयटीआयचं शेवटचं वरीस. कंपनीवाले पोलिसांचा दाखला मागत्यात. बापाचे दात पाडलेलं पोरगं कोण घेणार कामाला? मला वाटलं, भावाभावाचं भांडण हाय, साहेब दम देतील आन् सोडतील. दात पडला की एवढं मोठं कलम लागतंय, हे मला काय ठावं? कळलं तवा केस उभी ऱ्हायली व्हती. माघारी फिरलो असतो तर तू आत गेला असतास, आन् खोट्या जबाबापायी मीबी.

डॉक्टर : आणि तुमचे भाऊ? त्यांनी सांगितलं नाही?

गेणबा : कोर्टात जज्जसाहेबांनी इचारलं त्याला, तुमचं काय म्हणणं हाय? दादानं माझ्याकडं बघितलं. लय येळ बघितलं. मग मागं वळून ह्याच्याकडं बघितलं. आन् म्हणला, माझं काय म्हणणं न्हाई साहेब.

गोकुळ : त्याला ठावं व्हतं? सगळं?

गेणबा : त्याच्या डोळ्यादेखत झालं. घरात त्यानं कुणालाच सांगितलं न्हाई. पप्पूला ठावं न्हाई. वहिनी मेली, तिलाबी ठावं नव्हतं. त्याच विहिरीत त्यानं तुला पवायला शिकवलं, गोकुळ. पाठीला भोपळा बांधून. मी काठावर बसून बघायचो. इतकी वर्सं त्यानं तोंड उघडलं न्हाई. आज 'बापाला इचार' म्हणला, म्हंजी आता त्याचंबी सरलं.

(स्टीलचा ट्रे भिंतीवर आदळतो. हत्यारं फरशीभर उडतात, आरसा फुटतो. बाहेर कुणीतरी किंचाळतं.)

डॉक्टर : गोकुळ! काही नाही, बाहेर बसा सगळे, काही झालेलं नाही! गोकुळ, तो स्टँड खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. हाताला काच लागलीय तुमच्या.

गोकुळ : पप्पूचा हात मोडला मी, आबा.

गेणबा : व्हय.

गोकुळ : तुम्ही तिथं व्हता. धा पावलांवर. नारळाचं पोतं टेकलेलं, त्याच्याशेजारी उभे व्हता.

गेणबा : व्हय.

गोकुळ : मी त्याच्या पाठीत गुडघा दिला तवा तुम्ही बघत व्हता. त्यो ओरडत व्हता, चुलते, सोडवा! मला न्हाई, तुम्हाला म्हणत व्हता! तुमच्या तोंडातनं शब्द निघाला न्हाई. एवढंच म्हणायचं व्हतं, सोड त्याला, दात तू पाडलेत माझे. हात ऱ्हायला असता त्याचा!

गेणबा : म्हणणार व्हतो.

गोकुळ : मग?

गेणबा : दातावर दात बसले ते सुटलेच न्हाईत. आवाज आला कोपराचा, तवर सुटले न्हाईत.

गोकुळ : त्या येळी मला आत घातलं असतं तर वरीस-दोन वर्सांत सुटलो असतो. नोकरी नसती लागली. नसती तर नसती! शेरडं राखली असती! चौदा वर्सं त्याच्या दारावरनं जाताना थुंकलोय मी. चुलतीच्या मयताला गेलो न्हाई, घरात रेडिओ लावून बसलो. त्याच्या पोराला जन्माचा लुळा केला. आन् आज त्याच्याच डोस्क्यात घालायला रॉड घेऊन आलो.

गेणबा : तुला वाचवायला केलं, पोरा.

गोकुळ : वाचलो का? माझ्याकडं बघून सांगा. वाचलो का मी?

डॉक्टर : कुठं निघालात?

गोकुळ : खाली.

डॉक्टर : गोकुळ, माझं ऐका—

गोकुळ : पिशवी हितंच ठिवतो, मॅडम. ही घ्या. बघा, हात मोकळे हायेत. आता तरी सोडा.

गेणबा : सोडा त्याला, बाई.

डॉक्टर : काका, तुम्हाला खात्री आहे?

गेणबा : न्हाई. पण सोडा.

डॉक्टर : गेला. तीन-तीन पायऱ्या उतरतोय.

गेणबा : मला उठवत न्हाई. तुम्हीच खिडकीतनं बघा. काय करतोय?

डॉक्टर : रस्ता ओलांडतोय. एका टेम्पोखाली येता येता वाचला. आता टपरीपाशी पोचलाय. तुमचे भाऊ उठून उभे राहिले.

गेणबा : काठी हाय का दादाच्या हातात?

डॉक्टर : नाही. ग्लास होता, तो खाली ठेवला.

गेणबा : बोलत्यात का?

डॉक्टर : गोकुळ बोलतोय. मान खाली घालून. ते नुसते ऐकताहेत. काहीतरी विचारलं त्यांनी. यानं इकडे बोट दाखवलं, आपल्याकडे. आता परत बोलतोय. अगं बाई!

गेणबा : काय झालं?

डॉक्टर : मारली. कानफटात. थोरल्यांनी. अशी मारली की त्यांचीच टोपी उडाली.

गेणबा : आन् गोकुळ?

डॉक्टर : उभाच आहे. परत मारली. आता उलट्या हातानं. लोक जमले. टपरीवाला मधे पडत होता, त्याला ढकलून दिलं. आता दोन्ही हातांनी मारताहेत. काका, याच्या तोंडातून रक्त येतंय. मी खाली जाते, मारून टाकतील ते त्याला!

गेणबा : ऱ्हाऊ द्या. गोकुळनं हात उचलला का?

डॉक्टर : नाही.

गेणबा : तोंड चुकवलं का?

डॉक्टर : नाही हो. खांबासारखा उभा आहे.

गेणबा : मग मारू द्या. चौदा वर्सांचं हाय ते. अर्धं माझ्या वाट्याचं हाय.

डॉक्टर : दौंडची गाडी आली. कंडक्टर हाका मारतोय.

गेणबा : दादा चढला का?

डॉक्टर : गाडी आड आलीय, काही दिसत नाही. थांबा. निघाली. गेली गाडी.

गेणबा : आन् दादा?

डॉक्टर : इथंच आहेत. बाकड्यावर बसलेत, धापा टाकताहेत. गोकुळ त्यांच्यापुढं खाली बसलाय, उकिडवा. टोपी उचलली त्यानं. झटकली. त्यांनी घेतली हातात, पण डोक्यावर घातली नाही. आता उठले. वर बघताहेत, खिडकीकडे. काका, इकडेच येताहेत दोघं.

गेणबा : पुढं कोण हाय?

डॉक्टर : तुमचे भाऊ.

गेणबा : येऊ द्या.

डॉक्टर : असं करू, ते येईपर्यंत खालच्या हिरडीत सुई देते. सगळा जबडा बधिर होईल, कळ थांबेल, तुम्हाला जरा बरं वाटेल.

गेणबा : नगं बाई. सुई नंतर द्या. ओठ जड पडला तर मला नीट बोलता यायचं न्हाई.